आजारपणात सोयीसाठी हिजाब घातला, तर हरकत घ्यावी का?

सावनी (धागाकर्ती): दुबईत राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंची केमोथेरपी सुरू आहे. या उपचारात पहिल्या मात्रेनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी केस गळू लागतात, आणि टाळू इतकी हुळहुळी होते की टोपीची शिवणही टोचते. विगाने घाम येतो, म्हणून त्या जर्सीच्या मऊ कापडाचा, टाचणी न लावता नुसता डोक्यावरून चढवायचा तयार हिजाब घालून कार्यालयात जातात. सासरच्या काहींना हा दुसऱ्यांच्या धर्मचिन्हाचा गैरवापर वाटतो. आपले मत काय?

माधव: सासरच्यांचे म्हणणे मला पटते. 2022 साली उडुपीत याच वस्त्रापायी मुलींना वर्गाबाहेर राहावे लागले, आणि त्या 13 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचेही त्यावर एकमत झाले नाही. त्याच्या महिनाभर आधी, ते नीट घातले नाही म्हणून तेहरानमध्ये पोलिसांनी पकडलेली महसा अमिनी तीन दिवसांत दगावली. जे घालण्यासाठी आणि जे न घालण्यासाठी बायका एवढी किंमत मोजतात, ते केवळ मऊ लागते म्हणून उचलावे, हे मला खटकते.

नंदिता: माधवराव, दोन्हीकडचे भांडण सक्तीचे आहे, परक्या बाईने ते कापड वापरण्याचे नाही. डोके झाकणे ही कोणा एका धर्माची मिरास नव्हे. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ गुंडाळतातच की! शिखांच्या दस्ताराची, म्हणजे पगडीची, गोष्ट निराळी, कारण तो केस न कापण्याच्या व्रताशी जोडलेला आहे. 2019 साली गुची या फॅशन कंपनीची तयार पगडी सुमारे 790 डॉलरला विक्रीस आली तेव्हा शीख संतापले ते रास्तच होते. पदर लावून बांधायचे वस्त्र तिथे निव्वळ टोपी झाले होते. मोटार वाहन कायद्याचे कलम 129 हेल्मेटची सूट पगडीधारी शिखालाच देते, फेटा बांधलेल्या आपल्या नवरदेवाला नाही. मात्र नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात कोणत्याही धर्माच्या माणसाने डोके झाकायचे असते, आणि त्याला साधा रुमाल चालतो.

माधव: रुमाल बांधलेल्याला कोणी शीख समजत नाही, म्हणून चालतो. या बाई रमजानात दिवसा गोळीबरोबर पाणी प्यायल्या, तर पाहणारा त्यांना रोजा मोडणारी मुसलमान समजेल.

नंदिता: आजाऱ्याला रोजातून सूट इस्लामनेच दिली आहे. तरीही गैरसमज नको असेल, तर कान उघडे ठेवून मानेमागे गाठ मारता येईल.

सावनी: गाठ मारून पाहिली, खुर्चीला डोके टेकताच ती रुतते आणि एसीचा झोत थेट मानेवर येतो. हा हिजाब त्यांच्या मुसलमान सहकारिणीनेच निवडून दिला आहे. बिनशिवणीचे, मान झाकणारे दुसरे काही कुणाला ठाऊक असल्यास जरूर कळवावे. तोवर त्या हाच वापरणार आहेत.