जर्मनीला शिकायला जायचंच, तर म्युनिक-स्टुटगार्टऐवजी समुद्रकाठ का नको?

घाटमाथा
कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना मी शिकवतो. जर्मनीला जाऊ पाहणाऱ्यांच्या याद्यांत तीच नावं असतात: म्युनिक, स्टुटगार्ट, आखेन. गाड्यांचे कारखाने तिकडे, म्हणून ओढाही तिकडे. माझं मत उलट आहे. शेतकरी आणि पगारदार घरातल्या मुलांनी आधी उत्तरेचा किनारा बघावा: कील, रॉस्टॉक, फ्लेन्सबुर्ग, ब्रेमरहाफेन.

पैशाचं बघा. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १,५०० युरो फी आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानं २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४,००० ते ६,००० युरो लावले. किनाऱ्यावरच्या राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला सहसा शिक्षण फीच नाही, सत्राची वर्गणी तेवढी भरायची. खोलीचं भाडं म्युनिकला सातशे-आठशे युरो, तर रॉस्टॉकला चारशेच्या आसपास.

आणि विषय आपल्याच पोरांचे आहेत. कीलला मटेरिअल्स सायन्सचा, म्हणजे धातू आणि इतर पदार्थांच्या अभ्यासाचा मास्टर्स इंग्रजीत आहे. शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत वाढलेल्या मुलाला याहून जवळचं काय असणार? फ्लेन्सबुर्गला पवनऊर्जेचा अभ्यासक्रम इंग्रजीतच आहे. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या बघत मोठं झालेलं पोर तिथं का जाऊ नये? कीलमध्ये जिओमार ही समुद्रविज्ञानाची मोठी संस्था आहे, ब्रेमरहाफेनला ध्रुवीय संशोधनाची आल्फ्रेड वेगेनर इन्स्टिट्यूट. ही नावं आपल्याकडे कुणी घेतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

शिरोलीची भट्टी
सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटलं नाही. माझी फाउंड्री आहे, म्हणून नोकरीच्या बाजूनं बोलतो. पोरगं दोन वर्षं शिकणार, कर्ज फेडणार ते नोकरीतनं. किनाऱ्यावरच्या उद्योगांची हालत बघितली का? पवनचक्क्या करणारी सेनवियॉन २०१९ ला दिवाळखोरीत गेली, ब्रेमरहाफेनचा कारखाना बंद. विस्मार-रॉस्टॉकच्या गोद्या चालवणारी एमव्ही वेर्फ्टन २०२२ च्या जानेवारीत बुडाली. फी वाचवायला म्हणून कारखान्यांच्या पट्ट्यापासून सात-आठशे किलोमीटर लांब जाऊन बसायचं, हा हिशेब माझ्या वहीत बसत नाही.

शिवाय फी नसली तरी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावेच लागतात. युरो शंभरीला धरला तरी बारा लाख झाले. करवीर, कागल, राधानगरीत किती घरांत तेवढी रक्कम जमिनीला हात न लावता निघते?

घाटमाथा
ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे कुठं जात नाहीत, दर महिन्याला ९९२ युरो मुलाच्याच हातात खर्चाला येतात. म्युनिकला त्यातले बहुतेक भाड्यातच संपतात, रॉस्टॉकला महिना निघतो. नोकरीबद्दल म्हणाल, तर पदवीनंतर नोकरी शोधायला मिळणारे १८ महिने अख्ख्या देशासाठी असतात. कीलला शिकलेल्यानं स्टुटगार्टला अर्ज करायला कुणाची आडकाठी नाही. आणि बंद पडलेल्यांची नावं घेतलीत, तसं किनाऱ्यावरच्या कुक्सहाफेनचंही घ्या. २०१८ ला सीमेन्स गमेसानं तिथं समुद्रातल्या पवनचक्क्यांचा मोठा कारखाना सुरू केला.

कीलमधली उचगावकर
मी इथे मास्टर्स करतेय, म्हणून दोघांनाही थोडं थोडं खोडते.

सर, "स्वस्त" हा शब्द जपून वापरा. विम्याला महिना दीडशे युरोच्या घरात जातात. पार्टटाइमला वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मुभा आहे, पण किनाऱ्यावर कामं उन्हाळ्यात असतात. जूनमध्ये कीलर वोखे हा शिडाच्या होड्यांचा उत्सव भरतो, तेव्हा हॉटेलांना माणसं पुरत नाहीत. नोव्हेंबरला तीच हॉटेलं निम्मी ओस. तेव्हा जर्मन येणाऱ्यालाच काम मिळतं, काउंटरवरच्या माणसाशी बोलता आलं पाहिजे. मोठ्या शहरात इंग्रजीवर निभावतं, इथे नाही. डिसेंबरात चारला अंधार होतो आणि दिवसभर ओला वारा. कोल्हापूरच्या पावसाळ्याची सवय असलेल्यालाही हे जड जातं, मनावर येतं.

पण काका, इथे उद्योग नाही असं म्हणू नका. आपल्या नौदलाच्या शिशुमार आणि शंकुश या पाणबुड्या कीलच्याच गोदीत बांधल्या गेल्या, १९८६ ला त्या ताफ्यात आल्या. लष्करी कामात परदेशी मुलाला शिरणं अवघड, हे खरं. त्या गोदीभोवतीचे छोटे कारखाने, सेन्सर बनवणारे, वेल्डिंगची तपासणी करणारे, यांना मात्र माणसं हवी असतात. छोट्या विद्यापीठात प्राध्यापक नावानं ओळखतात. मला प्रयोगशाळेतलं काम तसंच मिळालं. माझं म्हणणं एवढंच, बी-१ पर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमण्याच्या पातळीपर्यंत जर्मन झाल्याशिवाय किनाऱ्यावर येऊ नका.

राजारामपुरीची आई
मुलगी पुढच्या वर्षी जायचं म्हणते, म्हणून सगळं वाचतेय. रॉस्टॉकबद्दल कुणीच बोललं नाही. १९९२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या लिश्टनहागेन वस्तीत परदेशी लोकांच्या इमारतीवर जमावानं हल्ले केले, आग लावली. जुनं झालं म्हणावं, तर २०२५ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत त्या राज्यात स्थलांतरितांच्या विरोधातला एएफडी पहिल्या क्रमांकावर आला. भाडं चारशे युरो आहे म्हणून एकटी पोर तिथं पाठवू? मला नाही जमायचं.

कीलमधली उचगावकर
काकू, तुमची काळजी रास्त आहे, खोटा धीर देत नाही. रॉस्टॉक पूर्व जर्मनीतलं, कील पश्चिमेतलं, वातावरणात फरक आहे. माझ्या ओळखीच्या मुली रॉस्टॉकला शिकतात, विद्यापीठाच्या भागात ठीक वाटतं म्हणतात, रात्री उशिरा लांबच्या वस्त्यांत जाणं टाळतात. कीलमध्ये मी रात्री बसनं येते-जाते. तिचं बोलणं माझ्याशी करून द्या.

तवंदी घाट
समुद्रच शिकायचा तर कील-रॉस्टॉकच्या बाल्टिक समुद्रापर्यंत कशाला जायचं? आंबा घाट उतरला की रत्नागिरी, तिथं शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. गोव्यात दोना पावलाला १९६६ ला स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आयआयटी मद्रासला ओशन इंजिनिअरिंगचा स्वतंत्र विभाग आहे. घाटावरची मुलं या संस्थांचं नावही न ऐकता थेट जर्मनीचे फॉर्म भरतात. मला हे खरंच लागतं. शिकून आल्यावर कोकण किनाऱ्याच्या कामाला किती जण येणार?

शाहूनगरी
बाहेर पाठवणं या गावाला नवं नाही. १९२० ला बाबासाहेब अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी पैशाची मदत केली होती. ज्याला झेप घ्यायची त्याच्या पाठीशी उभं राहायचं, ही आपली रीत.

शिरोलीची भट्टी
भावा, महाराजांनी मदत केली, कर्ज काढायला लावलं नाही! आणि त्याच महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं उभी केली, मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क. खेड्यातल्या पोरानं घरदार गहाण न टाकता शिकावं म्हणून. माझी हरकत शिकण्याला न्हाय, पोराच्या शिक्षणासाठी बापाचं रान बँकेकडं जाण्याला आहे.

घाटमाथा
इथं आपलं एकमत होईल असं वाटतं. महाराजांच्या नावानं राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातीच्या मुलांना. तिला विद्यापीठांच्या क्यूएस जागतिक क्रमवारीची अट आहे आणि कील-रॉस्टॉक त्यात बसत नाहीत. म्हणजे मुलाला महागड्या शहरातलंच विद्यापीठ गाठावं लागतं. कीलचं विद्यापीठ १६६५ चं, रॉस्टॉकचं १४१९ चं. कमी पैशात जास्त मुलं जाऊ शकतील अशी ठिकाणं क्रमवारीच्या आकड्यानं बाद होतात. अट विषयवार लावा, अशी मागणी कोल्हापुरातून उठली पाहिजे.

शिरोलीची भट्टी
या मागणीवर माझी सही घ्या. मत मात्र तेच. स्वतःच्या पैशानं जाणाऱ्यानं नोकऱ्यांच्या पट्ट्यातच जावं.

राजारामपुरीची आई
मुलीशी बोलले. रॉस्टॉक यादीतून काढलं, कील आणि फ्लेन्सबुर्ग ठेवलं. एका कन्सल्टन्सीनं मात्र ही नावं ऐकल्यावर बर्लिनच्या एका खासगी कॉलेजचं पत्रक पुढं केलं, फी वर्षाला बारा हजार युरो. ही काय भानगड आहे?

कीलमधली उचगावकर
काकू, खासगी कॉलेजं एजंटांना कमिशन देतात, सरकारी विद्यापीठं सहसा देत नाहीत. फॉर्म तुम्ही घरी बसून भरू शकता. बरेच अर्ज युनि-असिस्ट या विद्यापीठांसाठी अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत जातात, पहिल्याला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. पण त्याआधी एपीएसचं, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र काढायला टाका. २०२२ च्या नोव्हेंबरपासून ते सक्तीचं आहे आणि त्यातच वेळ जातो. जर्मनचा क्लास याच महिन्यात लावा.