अकरा चालींची मात स्टॉकफिशला दिसली नाही, म्हणून काय बिघडलं?

पार्लेकर_प्यादं
आमच्या पार्ल्याच्या रविवारच्या बुद्धिबळाच्या अड्ड्यावर सध्या एक खूळ शिरलंय. कुठून तरी अकरा चालींत मात असलेलं अवघड कोडं आणायचं, मोबाईलवर स्टॉकफिश या बुद्धिबळ खेळणाऱ्या इंजिनाला (म्हणजे प्रोग्रॅमला) घालायचं, आणि पाच मिनिटांत उत्तर आलं नाही की "बघा तुमचं स्टॉकफिश" म्हणत सगळ्यांना दाखवत फिरायचं. माझं मत स्पष्ट आहे: असल्या कोड्यांवरून खेळणाऱ्या इंजिनाची लायकी ठरवू नये.

स्टॉकफिश घडवलंय डाव जिंकायला, आणि जिंकायचं तर बहुतेक चालींकडे नीट बघायचंच नाही हे त्याचं बळ आहे. त्याच्या दोनच युक्त्या घ्या. पहिली नल मूव्ह: मी माझी चाल सोडून दिली तरी समोरच्याला काही साधत नसेल, तर ही फांदी, म्हणजे चालींची ही वाट, खोल तपासायची गरज नाही. दुसरी: शह नाही, मारामारी नाही, यादीत खाली पडलेली शांत चाल कमी खोलीपर्यंतच बघायची.

आता कोडं रचणारा काय करतो? पहिली चाल शक्यतो शहाची ठेवतच नाही, तसा संकेतच आहे. वर काळ्याला झुगझ्वांगमध्ये टाकतो, म्हणजे चाल करावीच लागते म्हणून बिचारा मरतो, नाहीतर वाचला असता. इंजिन जिथे डोळे मिटतं, नेमका तिथे घाव. अकरा चालींत मात म्हणजे दोन्ही बाजूंची एकेक चाल वेगळी मोजून 21 अर्धचाली. पण पडद्यावर डेप्थ, म्हणजे शोधाची खोली, 30 अर्धचाली दिसत असतानाही ती निसटू शकते, कारण ते 30 प्रत्येक फांदीला मिळालेले नसतात. प्रत्यक्ष डावात हेच इंजिन अकराऐवजी चौदा चालींत मात करेल. गुण तेवढाच मिळतो.

हत्ती_सातव्या_पट्टीत
साफ असहमत. स्टॉकफिशवाल्यांनी स्वतःच साडेसहा हजारांच्या आसपास मात-कोड्यांचा संच बाळगलाय आणि त्यावर वेगवेगळ्या आवृत्त्या तपासल्या जातात. ती माणसं काय रिकामटेकडी आहेत?

मुद्दा समजून घ्या. कोण किती पुढे आहे हे सांगणारा +4.20 सारखा आकडा चुकला तर इंजिनाचं मत चुकलं. "9 चालींत मात" चुकलं तर तो बग आहे. जाहीर केलेली मात खरंच होते का, दाखवलेल्या चालींची ओळ शेवटपर्यंत पोचते का की मध्येच तुटते, हे नुसते डाव खेळवून लक्षात येणार नाही. आणि नल मूव्हचं एवढं भूत करू नका. राजा आणि प्यादीच उरली की स्टॉकफिश ती वापरतच नाही, आणि खोल गेल्यावर तिची पडताळणीही करतं.

मी मुलांना शिकवतो. चौदा चालींची मात दिसली की पोरं तीच वहीत उतरवतात. अकराची होती हे त्यांना कोण सांगणार?

पार्लेकर_प्यादं
बग शोधायला संच ठेवा की, कोण नको म्हणतंय? पण इंजिनाची ताकद वाढवणारा बदल घ्यायचा की नाही हे 2013 पासून फिशटेस्टवर, म्हणजे स्टॉकफिशच्या चाचणी-व्यवस्थेवर, हजारो डाव खेळवूनच ठरतं. चाळीस कोडी जास्त सुटली पण डाव हरायला लागलं, तर तो बदल कोणी ठेवणार नाही.

गिरगावचे_नाना
तुम्हा दोघांनाही वाटतंय की आधी खेळणारं यंत्र आलं आणि मग त्याला कोडी घालायची टूम निघाली. उलटं आहे. 1951 च्या नोव्हेंबरात मँचेस्टरच्या संगणकावर डिट्रिख प्रिन्झ यांचा प्रोग्रॅम चालला, तो फक्त दोन चालींत मात असलेली कोडी सोडवायचा. किल्लेकोट नाही, प्याद्याची बढती नाही, पूर्ण डाव खेळणं तर सोडाच.

दुसरं म्हणजे आपल्या जुन्या देशी खेळात प्यादेमात करण्याचा मान मोठा होता. वजिराने मारलात तर त्यात काय कौतुक! "याच प्याद्याने मात झाली पाहिजे" अशा अटीचं कोडं स्टॉकफिशला घाला. ते वजिराने दोन चालींत संपवेल आणि वर बरोबरच असेल. अट सांगायची सोयच नाही त्याला. तेव्हा कोड्यांसाठी कोड्यांचंच यंत्र हवं, हे माझं म्हणणं.

अडीचघरवाली
नाना, पटलं. पोपाय किंवा चेस्टसारखे सोडवणारे प्रोग्रॅम त्यासाठीच आहेत. ते ठरलेल्या चालींपर्यंत काहीही न गाळता तपासतात, म्हणून "यापेक्षा छोटी मात नाही" हे छातीठोक सांगू शकतात. हत्तीदादा, पोरांच्या वहीसाठी तेच वापरा. फक्त चाली वाढल्या की वेळ असा फुगतो की अकरावर पोचेपर्यंत बोरिवली ते विरार दहादा होईल.

पण पार्लेकर, तुमच्या अड्ड्यावर जे चाललंय त्याला मी चाचणी म्हणणारच नाही. ब्राउझरमधलं इंजिन, तापून मंदावलेला फोन, आणि आधीच्या कोड्याने भरलेली हॅश, म्हणजे तपासलेल्या स्थितींची इंजिनाची आठवण. अनेक कोअरवर चालवलं तर तेच कोडं एकदा चाळीस सेकंदांत सुटतं, पुढच्या वेळी तीन मिनिटं घेतं, कारण एकाच वेळी चालणाऱ्या शोधांपैकी कोणता धागा आधी कुठे पोचेल याचा नेम नाही. तुलना करायची तर एकच धागा, हॅश रिकामी, आणि घड्याळाऐवजी नोड्स, म्हणजे तपासलेल्या स्थिती, मोजा.

अजून एक. कोड्यांच्या संकेतात 50 चालींचा नियम (मारामारी किंवा प्याद्याची चाल न होता 50 चाली गेल्या की बरोबरी) धरत नाहीत, इंजिन मात्र धरतं. सात मोहरी उरलेल्या स्थितींची उत्तरं आधीच काढून ठेवलेल्या लोमोनोसोव्ह तक्त्यांत 549 चालींत मात असलेली स्थिती आहे. ती इंजिनाला घातलीत आणि त्याने बरोबरी म्हटलं, तर चूक कोणाची?

हत्ती_सातव्या_पट्टीत
तक्त्यांचा विषय काढलात म्हणून, आता सगळे वापरतात ते सिझिजी तक्ते मातीपर्यंतचं अंतर सांगतच नाहीत. पुढच्या मारामारीपर्यंत किंवा प्याद्याच्या चालीपर्यंतचं सांगतात. म्हणजे तिथेही छोटी मात इंजिनालाच शोधावी लागते, आणि म्हणूनच त्याची परीक्षा घ्यावी लागते. पार्लेकर, रविवारी "गो मेट 11", म्हणजे अकरा चालींतली मात शोध, असा हुकूम देऊन बघा. साधं विश्लेषण लावून बसलात तर ते मात शोधणार कशाला?

पार्लेकर_प्यादं
तो हुकूम दिल्याने स्टॉकफिश वेगळ्या पद्धतीने शोधायला लागत नाही हो. गाळायचं ते गाळतंच. तेवढ्या चालींतली मात हाती लागली की थांबतं, इतकाच फरक. लॅपटॉप मी आणतो, एक धागा, हॅश रिकामी, अडीचघरवाली म्हणतात तसं. कोडं तुम्ही आणा, पण आधी चेस्टमधून तपासून आणा. गेल्या खेपेचं कोडं दोन वेगवेगळ्या पहिल्या चालींनी सुटत होतं, म्हणजे कोडंच सदोष.