मेटॅलिका मवाळ झाली ती नेमकी कधी?

रंगभवनी (धागाकर्ता)

मेटॅलिका हा अमेरिकन हेवी मेटल बँड मवाळ झाला, हे वाक्य मी १९९१ पासून ऐकत आलो आहे. त्या वर्षीच्या १२ ऑगस्टला काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला, निर्माता बॉब रॉक याच्या हाताखाली गाण्यांचा वेग उतरला, लांबी आटोपशीर झाली आणि 'नथिंग एल्स मॅटर्स'सारखे गाणे ज्यांना थ्रॅश मेटलचा (वेगवान, आक्रमक हेवी मेटलचा) गंधही नव्हता अशांच्या घरांत वाजू लागले. तेव्हापासून जुन्या चाहत्यांनी ती तारीख पक्की धरून बँडचे वर्षश्राद्ध घालायला घेतले, ते आजतागायत चालू आहे.

या तारखेवरच माझा आक्षेप आहे. संथ गाणे हाच गुन्हा मानायचा असेल, तर तो १९८४ मध्येच घडला होता. 'राइड द लाइटनिंग' या दुसऱ्याच अल्बमवर अकूस्टिक गिटारने सुरू होणारे 'फेड टू ब्लॅक' आहे, आणि 'हे विकले गेले' अशी ओरड तेव्हाही झाली होती. त्या वेळी बेस गिटारवर क्लिफ बर्टन होता, म्हणजे ज्याच्या नावाने आज शुद्धतेच्या शपथा घेतल्या जातात तोच.

१९९६ चा 'लोड' हा तर मला त्यांचा सर्वांत धीट अल्बम वाटतो. त्यांनी केस कापले, डोळ्यांत काजळ घातले, मुखपृष्ठावर आंद्रेस सेरानो यांचे रक्त आणि वीर्य यांचे छायाचित्र छापले आणि आत ब्लूज व कंट्री संगीताच्या वळणाची गाणी भरली. चाहते बिथरणार, हे त्यांना कळत नव्हते असे मानायला मी तयार नाही. २००३ च्या 'सेंट अँगर'मध्ये एकही गिटार सोलो ठेवला नाही, आणि स्नेअर ड्रमच्या तळाच्या तारा सैल सोडल्यामुळे त्याचा आवाज रिकामा डबा बडवल्यासारखा येतो. तो अल्बम मी पुन्हा मुद्दाम लावणार नाही, पण त्याला भित्रा कोणी म्हणू नये.

भीती शिरली ती २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'पासून. निर्माता रिक रुबिन याने त्यांना ऐंशीच्या दशकातील आपल्या मनःस्थितीत परत जाऊन लिहायला सांगितले आणि त्यांनी ते ऐकले. पुढे लू रीड यांच्यासोबतचा २०११ चा 'लुलू' वगळला, तर २०१६ चा 'हार्डवायर्ड' आणि २०२३ चा '७२ सीझन्स' हे चाहत्यांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन केलेले अल्बम आहेत. वेग परत आला, पण कोणाची नाराजी ओढवून घेण्याची तयारी गेली. माझ्या लेखी मवाळपणा तो हाच.

थ्रॅशनिष्ठ

धागाकर्त्यांनी मांडणी चतुराईने केली आहे, परंतु तिच्यात १९९६ साली बाजारात काय विकले जात होते याचा उल्लेखही नाही. त्या काळात अमेरिकेत थ्रॅशला ओहोटी लागली होती आणि ग्रंज व ऑल्टरनेटिव्ह संगीताची चलती होती. अशा वेळी केस कापायचे, पोशाख बदलायचे, रिफ (गिटारवर पुन्हापुन्हा येणारी छोटी धून) सैलावायचे आणि त्याच उन्हाळ्यात ऑल्टरनेटिव्हवाल्यांच्या लोलापलूझा महोत्सवात मुख्य बँड म्हणून उभे राहायचे, याला धाडस कसे म्हणायचे? वारा जिकडे होता तिकडेच शीड फिरले. जुने चाहते नाराज झाले हे खरे, पण नवे ग्राहक मिळणार असताना पत्करलेल्या नाराजीला फारशी किंमत पडत नाही.

बरे, १९९१ चा मुद्दाही केवळ वेगाचा नाही. १९८८ च्या 'अँड जस्टिस फॉर ऑल'मध्ये नऊ-दहा मिनिटांची गाणी आहेत, मध्येच ताल मोडतो, रिफवर रिफ चढत जातात आणि श्रोत्याला सोबत येण्यासाठी कष्ट करावे लागतात. (त्यात जेसन न्यूस्टेडचा बेस ऐकूच येत नाही, ही तक्रार रास्त असली तरी तिचा इथे संबंध नाही.) तीनच वर्षांनी तोच बँड कडवे, धृपद, कडवे, धृपद, सोलो अशा सरळ साच्यात आला. एकट्या अमेरिकेत दीड कोटींहून अधिक प्रती खपल्या त्या याच सोयीमुळे. अल्बम वाईट आहे असे मी म्हणत नाही. श्रोत्याकडून काही मागणे त्यांनी थांबवले, एवढेच माझे म्हणणे आहे.

उजवे मनगट

दोघांनीही अल्बमचेच लेखापरीक्षण केले आहे, प्रत्यक्ष वादनाबद्दल कोणी एक अक्षर काढले नाही. मी हौशी गिटारवादक आहे, म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

'मास्टर ऑफ पपेट्स'चा मुख्य रिफ मिनिटाला दोनशेहून अधिक ठोक्यांच्या गतीने जातो आणि बँडचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड तो केवळ खालच्या दिशेच्या आघातांनी वाजवतो. वर-खाली पिक फिरवला तर श्रम जवळपास निम्मे होतात, परंतु प्रत्येक सुराची धार सारखी राहत नाही. सगळे आघात वरून खाली दिले की तार दर वेळी त्याच बाजूने सुटून बोलते, आणि तळव्याची कड ब्रिजवर (गिटारवरच्या तारा टेकतात त्या पट्टीवर) टेकवून सूर दाबलेला असल्यामुळे तो ठोकळ्यासारखा घट्ट येतो. हे दोन मिनिटे सलग करून पाहा. आधी मनगट, मग कोपराखालचा स्नायू आणि शेवटी खांदा भरून येतो. १९६३ साली जन्मलेला माणूस साठी ओलांडल्यावरही हे उभ्याने, गाता गाता करतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये ॲम्स्टरडॅमहून सुरू झालेल्या दौऱ्यात त्यांनी एकाच शहरात दोन रात्री वाजवायचे आणि दुसऱ्या रात्री पहिल्या रात्रीचे एकही गाणे घ्यायचे नाही, असा दंडक घालून घेतला. म्हणजे तीसएक गाणी सदैव हातात तयार हवीत. दरवर्षी तीच वीस गाणी घेऊन फिरण्यात कोणाचे काही बिघडले नसते.

३० ऑक्टोबर २०११ रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मी होतो. दोन दिवसांपूर्वीचा गुडगावचा कार्यक्रम रद्द झाल्यामुळे हाही होतो की नाही, या धास्तीत आम्ही पुण्याहून निघालो होतो. त्या रात्री समोरून जे आले त्याला मवाळ म्हणणारा माणूस मैदानाबाहेर उभा असला पाहिजे.

कात्री

मनगटरावांच्या मेहनतीला नमस्कार, पण व्यायाम आणि संगीत यांत फरक करावा. ड्रमवादक लार्स उलरिकचा डबल बास (दोन्ही पायांनी वाजवायचा जड ड्रम) पूर्वीइतका नेमका पडत नाही, हेही त्याच रंगमंचावर ऐकू येते, आणि त्यावरूनही मी बँडला मवाळ म्हणणार नाही, कारण ते वयाचे देणे आहे.

माझी तक्रार लांबीची आहे. १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' म्हणजे आठ गाणी आणि पंचावन्न मिनिटे. शेवटच्या दोन अल्बमांत प्रत्येकी बारा गाणी आणि सुमारे सत्त्याहत्तर मिनिटे. '७२ सीझन्स'मधली निदान चार गाणी अशी आहेत की रिफ सापडला आहे, तो चांगला आहे, म्हणून आणखी दोन फेऱ्या वाजवला आहे. बॉब रॉकला कितीही नावे ठेवा, 'हे पुरेसे नाही, पुन्हा लिही' असे हेटफील्डला तोंडावर सांगणारा तो माणूस होता. आता तसे सांगणारे कोणी उरलेले दिसत नाही. आणि 'लोड'ची तरफदारी करणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की तो एकोणऐंशी मिनिटांचा आहे आणि शेवटचे 'दि आउटलॉ टॉर्न' सीडीवर मावत नाही म्हणून छाटावे लागले. यांना आवर घातला तो तबकडीच्या क्षमतेने.

उशिरा आलेली

मी या बँडपर्यंत २०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे पोहोचले, हे आधीच सांगते, म्हणजे हिणवायचे असेल तर सोयीचे पडेल. 'मास्टर ऑफ पपेट्स' हे छत्तीस वर्षांपूर्वीचे गाणे त्यामुळे पहिल्यांदा अमेरिकेच्या हॉट हंड्रेड यादीत आले, आणि माझ्या वयाच्या मुलांनी सगळे अल्बम एकाच आठवड्यात, उलटसुलट क्रमाने ऐकले. आम्हाला १९९१ चा धक्का बसलेलाच नाही. काळा अल्बम 'जस्टिस'नंतर ऐकला काय किंवा आधी ऐकला काय, 'सॅड बट ट्रू' हे मला त्यांचे सर्वांत वजनदार गाणे वाटते, आणि ते संथ आहे म्हणूनच वाटते.

रंगभवनी

थ्रॅशनिष्ठ यांना एकच विचारतो. वाऱ्याच्या दिशेने शीड फिरवायचे होते, तर 'सेंट अँगर' कोणत्या वाऱ्यासाठी? २००१ मध्ये न्यूस्टेड सोडून गेला, हेटफील्ड व्यसनमुक्ती केंद्रात गेला, आणि परतल्यावर त्यांनी आपले मानसोपचार, भांडणे आणि रुसवेफुगवे माहितीपटात जगाला दाखवले. त्यात कोणता ग्राहक मिळणार होता?

कात्री यांचा मुद्दा मला माझ्याच बाजूचा वाटतो. गाणे कापणे म्हणजे कोणाचे तरी आवडते काही काढून टाकणे, आणि नाराजी टाळायची ठरवल्यावर तेही जमत नाही.

उजवे मनगट

तुम्ही '७२ सीझन्स' सुरक्षित ठरवता, पण त्याचा शेवट 'इनामोराटा'ने होतो. अकरा मिनिटांहून मोठे, आजवरचे त्यांचे सर्वांत लांब गाणे, आणि मधोमध गिटारी मागे सरून रॉबर्ट ट्रुहियोचा बेस जवळजवळ एकटा उरतो. असे काही करा म्हणून कोणत्या चाहत्याने मागणी केली होती?

थ्रॅशनिष्ठ

'सेंट अँगर'च्या वेळी सोलो टाकून द्यायचे आणि गिटारचे ट्यूनिंग खाली आणायचे, हीच न्यू मेटल या तेव्हाच्या नव्या मेटल प्रकाराची रीत होती आणि न्यू मेटल तेव्हा जोरात खपत होते. तेव्हा शीड तिथेही फिरलेच. 'इनामोराटा' मात्र मला मनापासून आवडते, आणि ते संपूर्ण ब्लॅक सॅबथ या संथ, जड वाजवणाऱ्या जुन्या बँडच्या अंगणातले आहे. ज्या बँडने १९८३ साली 'किल एम ऑल' काढून त्या अंगणाबाहेर धाव घेतली, त्याचे चाळीस वर्षांनंतरचे सर्वांत चांगले गाणे पुन्हा त्याच अंगणात सापडत असेल, तर मी १९९१ ही तारीख खोडणार नाही.