वाय-फाय कार्डाची शक्ती वाढवल्याने पल्ला वाढतो का?

प्रश्न : माडीवरचा

आमच्या घरी राऊटर तळमजल्यावर दूरचित्रवाणी संचाच्या मागे ठेवलेला असून माझी कामाची खोली वरच्या मजल्यावर, मधल्या सिमेंटच्या स्लॅबपलीकडे आहे. लॅपटॉपवर लिनक्स आहे आणि त्यात कार्डाची प्रक्षेपण शक्ती १५ डीबीएम दिसते. म्हणून वेष्टनावर ‘१००० मिलिवॉट’ असे ठळक छापलेले, बाहेरच्या अँटेनाचे यूएसबी ॲडॉप्टर घेतले. त्याने सिग्नलची एक दांडी वाढली, मात्र व्हिडिओ कॉल पूर्वीइतकाच तुटतो. लिनक्सच्या वाय-फाय नोंदीत देश म्हणून बोलिव्हिया निवडल्यास शक्ती वाढते, असेही एकाने सुचवले आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

उत्तर : तरंगलांबी

डीबीएम हे शक्तीचे लॉगरिदमी माप आहे. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट, २० म्हणजे १०० आणि ३० म्हणजे १००० मिलिवॉट. आपले १५ डीबीएम म्हणजे सुमारे ३२ मिलिवॉट झाले, जे लॅपटॉपच्या कार्डासाठी अगदी नेहमीचे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट करायचे तर ६ डेसिबेल, म्हणजे चौपट शक्ती लागते, आणि स्लॅब मध्ये आला की हा हिशेबही कोलमडतो.

वेष्टनावरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५ व्होल्टला ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॉट मिळतात. वाय-फायच्या वेगवान मॉड्युलेशनसाठी, म्हणजे लहरींवर डेटा चढवण्याच्या पद्धतीसाठी, प्रवर्धक (सिग्नलची शक्ती वाढवणारा भाग) मर्यादेच्या बराच आत चालवावा लागतो, नाहीतर सिग्नल विद्रूप होतो. अशा वेळी घेतलेल्या विजेचा लहानसा भागच अँटेनापर्यंत पोहोचतो. त्यामुळे चांगली कार्डेसुद्धा वेग वाढला की शक्ती काही डेसिबेलने आपणहून उतरवतात, आणि छापलेला आकडा खरा असलाच तरी तो सर्वांत संथ वेगाचा असतो.

शिवाय दांड्या राऊटरकडून आपल्याकडे येणारा सिग्नल दाखवतात. आपल्या कार्डाच्या शक्तीचा त्यांच्याशी काहीही संबंध नाही. वाढलेली दांडी ही बाहेरच्या अँटेनाची देणगी आहे.

उत्तर : नियमावली

वरील उत्तराशी बव्हंशी सहमत आहे, मात्र त्यावरून कार्डाची शक्ती केवळ अपलोडपुरती महत्त्वाची असा समज होऊ नये. राऊटरने पाठवलेला डेटा पोहोचल्याची पोच कार्डाला द्यावी लागते आणि ती पोच हरवली की राऊटर तोच मजकूर पुन्हा पाठवतो. पोच संथ वेगाने जात असल्याने ती सहसा तग धरते, हा भाग वेगळा.

देश बदलण्याच्या युक्तीबद्दल सांगायचे तर, लिनक्समधील देशाची नोंद ही केवळ त्या देशाच्या नियमांनुसारची कमाल मर्यादा असते. कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत कारखान्यात लिहिलेली दुसरी मर्यादा असते आणि दोहोंपैकी जी कमी तीच लागू होते. इंटेलची अनेक कार्डे तर नियमांचे व्यवस्थापन स्वतःच करतात आणि आपण निवडलेल्या देशाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. मुळात भारतातली मर्यादा तुटपुंजी नाही : जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ वॉटपर्यंतचा प्रक्षेपक आणि अँटेनासह ४ वॉटपर्यंतचे प्रारण परवान्याविना चालते, तर युरोपात याच पट्ट्यात अँटेनासह १०० मिलिवॉटची मर्यादा आहे. तेव्हा बोलिव्हियाला जाऊन मिळवायचे ते काय?

त्यापेक्षा लिनक्सच्या ‘आयडब्ल्यू’ (iw) आज्ञेने वरच्या खोलीत सिग्नलचा आकडा (तो उणे असतो; शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस) पाहावा आणि पुनःप्रेषणांची संख्याही तपासावी. सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या आसपास असूनही पुनःप्रेषणे भराभर वाढत असतील, तर शेजाऱ्यांच्या राऊटरांची गर्दी हे कारण संभवते; आकडा उणे ८० च्या जवळ असेल, तर आधी राऊटर हलवावा.

माडीवरचा

दोघांचेही आभार. लॅपटॉपच्या मूळ कार्डावर आकडा उणे ७९ आला. राऊटर संचामागून काढून जिन्याच्या वळणावर टांगल्यावर तोच आकडा उणे ६४ झाला, म्हणजे छापील ‘१००० मिलिवॉट’ मला जे १५ डेसिबेल देणार होते, ते एका खिळ्याने दिले. आज दोन तासांचा कॉल एकदाही तुटला नाही. ॲडॉप्टर परत घेण्यास विक्रेता तयार नाही. त्याची अँटेना राऊटरला बसते का, हे उद्या पाहीन.

तरंगलांबी

स्क्रूचा प्रकार आधी जुळवून पाहा. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन जोडण्यांपैकी एकीत मधली पिन असते आणि दुसरीत तिच्या जागी छिद्र.