लुगडं, सहावारी, ड्रेस : तुमच्या घरात कुणी काय सोडलं, काय धरलं?

परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली तर आजीची दोन इरकल लुगडी निघाली, एकाचा पदर अजून लालभडक आणि त्यावर ती देवळाच्या कळसांसारखी पांढरी नक्षी. गिरगावच्या चाळीत आजी ह्याच लुगड्यात पाणी भरायची, तीन जिने चढायची, रात्री झोपायची पण. आई नऊवारी नेसली ती फक्त लग्नात आणि मंगळागौरीला, आणि मला तर नेसताच येत नाही. हे मला फार लागलं. म्हणून विचारतेय, तुमच्याकडे हे कधी बदललं आणि तेव्हा घरचे काय बोलले? जसं आठवेल तसं लिहा, नावाऐवजी आपला भाग लिहिला तरी चालेल, मी गिरगावची.

लालबाग :
आजी कापड गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर. काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, मशीनजवळ काही लोंबता कामा नये असं ती सांगायची. 1982 च्या संपात घरातले दोन्ही पगार बंद झाले आणि आईने शिलाई मशीन घेतलं. नऊवारीला फॉल लागत नाही पण सहावारीचा काठ चपलेखाली घासतो म्हणून तिला लागतो, आणि तोवर चाळीतल्या सगळ्या सुना सहावारीवर आलेल्या, त्यामुळे फॉल-पिको आणि ब्लाऊजचं काम आईला भरपूर मिळायचं, त्यावर आमची शाळा झाली. आजी शेवटपर्यंत लुगड्यातच होती पण सुनांना तिने कधी एका शब्दाने टोकलं नाही.

बोरिवली :
मी 1984 ला बँकेत लागले तेव्हा सगळ्या साडीतच यायच्या, दुसरं काही घालायचं सुचायचंच नाही. एकदा दादरला उतरताना गर्दीत पदर कुणाच्या तरी पिशवीत अडकला आणि निऱ्या सुटल्या, प्लॅटफॉर्मवर एका अनोळखी बाईने आडोसा धरला आणि स्वतःच्या खांद्यावरची पिन काढून मला दिली, तिचा चेहरा अजून आठवतो. त्याच महिन्यात मी पंजाबी ड्रेस शिवून घेतला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "कॉलेजला निघालात का?" घरी सासूबाई म्हणाल्या घाल, पण ओढणीला दोन्ही खांद्यांवर पिना लाव. 1992 ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तोवर आमच्या ग्रुपमधल्या बहुतेक जणी ड्रेसवर आलेल्या. आणि सत्तरीत गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सासूबाईंनीच विचारलं, तुझा शिंपी माझं पण माप घेईल का गं?

वेसावे :
आमची आई अजून रोज मासळी बाजारात लुगड्यातच बसते, फुलाफुलांचं, गुडघ्यापर्यंत चापून नेसलेलं, ओल्या बाजारात घोळदार साडी कशी चालणार. मी ऑफिसला कुर्ता-लेगिन्स घालते पण नारळी पौर्णिमेला लुगडंच नेसते. गॅदरिंगसाठी लोक "कोळी ड्रेस" भाड्याने आणतात ते बघून आईला वाईट वाटतं. तिचे ते रोजचे कपडे आहेत हो.

दादर :
मी शिवलेल्या नऊवाऱ्या करते, अकरा वर्षं झाली, त्यामुळे कुणी "ती काय खरी नऊवारी" म्हणालं की मला राहवत नाही. पाडव्याच्या शोभायात्रेत जी मुलगी नऊवारीत बाईक चालवते तिला सहा तास साडी सुटायची भीती नको असते. निऱ्या मोजून पक्क्या करायच्या, काष्टा शिवायचा, कमरेला नाडी, हल्ली मोबाइलपुरता खिसा पण मागतात, मी देते. पण कुणी घरातली जुनी पैठणी कापायला घेऊन आलं तर मी दोनदा विचारते, कारण एकदा कात्री लागली की ती पुन्हा साडी म्हणून नेसता येत नाही. मागे एकीला तसंच परत पाठवलं, आजीची होती.

परळ :
माझं छोटंसंच आहे. खण म्हणजे मुळात कर्नाटकातल्या गुळेदगुड्ड गावचं चोळीचं कापड, पन्हा (रुंदी) लहान, आमच्या आजीकडे ओटीत आलेल्या खणांची थप्पी होती. मी चार जोडून त्याचा कुर्ता शिवून घेतला. आता तर मोठ्या पन्ह्याच्या खणाच्या साड्याच मिळतात. आजी कुर्त्यावर हात फिरवून म्हणाली, हा माझ्या बारशाचा, हा तुझ्या आईच्या डोहाळजेवणाचा.

गिरगाव :
परळ, वाचून रडू आलं. मला नेसायला शिकायचंय, आईला आता आठवत नाही. कुणी शिकवेल का?

लालबाग :
आईला विचारलं, ती म्हणते रविवारी दुपारी या. सव्वाआठ मीटर कापड आहे, जागा लागते, आम्ही टेबल बाहेर काढून ठेवू. पेटीतलं लुगडं मात्र लगेच नेसू नका, जुनी वस्त्रं घडीवरच विरतात, आधी उलगडून सावलीत ठेवा. शिकायला आजीचं एक सुती देईन.

वेसावे :
मी पण येऊ का? आमची पद्धत वेगळी आहे, तुम्हाला दाखवेन. आईला घेऊनच येते.