मोरोक्को: रेल्वे राजामुळे धावली की राजा असूनही?

घाटमाथा: मोरोक्को म्हटलं की आपल्याकडे मराकेशचे बाजार आणि उंटावरचे फोटो, एवढंच. माझं मत थेट सांगतो. उत्तर आफ्रिकेत पायाभूत सुविधांचं सगळ्यात नेटकं काम मोरोक्कोनं केलं आणि त्याचं श्रेय राजवाड्याला जातं. राजे मोहम्मद सहावे १९९९ पासून गादीवर आहेत. सरकारं आली-गेली, आराखडे तेच राहिले. टँजर मेड बंदर २००७ मध्ये सुरू झालं, आज ते भूमध्य समुद्रातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. अल बुराक या वेगवान रेल्वेची पायाभरणी २०११ ची, नोव्हेंबर २०१८ मध्ये गाडी सुरू. वेग ताशी ३२० किमी. टँजर-कासाब्लांका प्रवास पावणेपाच तासांवरून सव्वादोन तासांच्या आत आला. आमची मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन बघा, भूमिपूजन २०१७ चं!

चिमणराव_नाशिक: आमच्या बुलेट ट्रेनला मध्ये आणलंतच तर ऐका. पालघरच्या ग्रामसभांनी जमिनीला विरोध केला, उशीर झाला. विचारावं लागतं म्हणून उशीर होतो. तिथेही 'स्टॉप टीजीव्ही' (टीजीव्ही म्हणजे फ्रेंच धर्तीची वेगवान गाडी) मोहीम झाली होती, हा पैसा शाळा-दवाखान्यांना द्या म्हणून. कोणी विचारलं त्यांना?

घाटमाथा: चिमणराव, गाडी आज धावते आहे आणि लोक बसताहेत. आणि फक्त श्रीमंतांसाठी बांधलं असंही नाही. १९९५ च्या सुमारास खेड्यांमध्ये वीज जेमतेम १८ टक्के होती, आता जवळपास सगळीकडे आहे.

रानवाट: विजेचं मान्य. पण ती योजना १९९६ ची, म्हणजे वडिलांच्या, हसन दुसऱ्यांच्या कारकिर्दीतली. आता मुद्द्याचं. २०११ च्या लोकशाहीवादी आंदोलनानंतर नवी राज्यघटना आली. सर्वात मोठ्या पक्षातूनच पंतप्रधान नेमायचा, असं बंधन राजावर आलं. पण मंत्रिमंडळाच्या मुख्य बैठकीचं अध्यक्षपद, सैन्य, धर्म, प्रांतांचे वाली (राज्यपालांसारखे अधिकारी) हे सगळं राजाकडेच. २०१६ ची निवडणूक तेव्हाचे पंतप्रधान बेनकिरान यांच्या पक्षानं जिंकली, आघाडी काही महिने जमेना, तर राजानं त्यांना बाजूला सारून त्याच पक्षातले ओथमानी आणले. घटनेचं अक्षर पाळलं गेलं आणि नको असलेला माणूसही गेला.

त्याच सुमारास उत्तरेकडच्या अल होसेइमा गावात पोलिसांनी जप्त केलेली मासळी वाचवायला गेलेला विक्रेता कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेला, सारा रिफ प्रदेश पेटला. आंदोलनाच्या नेत्याला २० वर्षांची शिक्षा झाली. तिथली विकासकामं रखडली म्हणून २०१७ मध्ये राजानं मंत्र्यांना घरी पाठवलं. त्या कामांच्या करारावर सह्या झाल्या होत्या राजाच्याच समोर. काम झालं तर राजवाड्याचं, फसलं तर मंत्र्याचं. असा हिशेब असेल तर कुठलाही राजा कर्तबगारच दिसणार.

जुनी_हवेली: वारशाबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते. फेस शहराचा जुना भाग १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गल्ल्या इतक्या अरुंद की सामान अजून खेचरांवरून जातं. मदरसे, कारंजी, कातडी कमावण्याचे हौद फार सुंदर दुरुस्त केलेत, ते नाकारणं करंटेपणा होईल. पण चार पावलं आत गेलं की भिंतींना लाकडी टेकू दिसतात आणि त्या घरांत माणसं राहतात. सप्टेंबर २०२३ च्या भूकंपात उच्च अॅटलास पर्वतात सुमारे तीन हजार माणसं गेली. बाराव्या शतकातली तिनमेलची मशीद बरीचशी कोसळली. तिची दुरुस्ती चालूच होती.

घाटमाथा: भूकंपाचा दोष राजाला?

जुनी_हवेली: भूकंपाचा नाही हो. डोंगरातल्या गावांचे रस्ते इतके बेताचे होते की मदत पोचायला दिवस लागले, त्याचा.

चिमणराव_नाशिक: आणि २०२५? अगादीरच्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणी दगावल्या आणि 'जेन झी २१२' या तरुणांच्या चळवळीची पोरं रस्त्यावर आली. घोषणा होती, स्टेडियम आहेत, दवाखाने कुठे आहेत? २०३० च्या फुटबॉल विश्वचषकासाठी कासाब्लांकाजवळ १,१५,००० आसनांचं मैदान बांधताहेत.

घाटमाथा: त्यानंतर आरोग्य आणि शिक्षणाची तरतूद वाढवलीच ना? लिबियात सरकारं दोन, शेजारच्या अल्जीरियाकडे तेल-वायू असून वेगवान रेल्वे नाही. मोरोक्कोकडे तेलही नाही. स्थिर सत्तेची किंमत असते, मी ती द्यायला तयार आहे.

रानवाट: किंमत तुम्ही कुठे देताय? ती अगादीरच्या बाळंतिणींनी दिली.