आईबाबांच्या घरचं लाईट बिल 7,240 आलंय, ऑनलाईन उघडून बघितलं तर सगळं डोक्यावरून गेलं

मीनल_के

मंडळी जरा मदत हवीये. आईबाबा उपनगरात राहतात, जुनी तीन मजली बिल्डिंग, मी डोंबिवलीला. त्यांची सगळी बिलं मीच मोबाईलवरून भरते, मेसेज आला की आकडा बघायचा आणि भरून टाकायचं, आत काय लिहिलंय ते खरं सांगते आजवर कधी वाचलं नाही. एरवी अठराशे ते दोन हजार येतं. मेचं बिल आलं 7,240!! बाबा म्हणाले मीटर पळतंय, आई म्हणाली तुमचा एसी पळतोय. (एसी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बसवला, दीड टनाचा, रात्री पाच-सहा तास चालतो, बाकी दिवसभर पंखे.)

मग साईटवर लॉगिन करून पीडीएफ उघडली. मार्चला 186 युनिट, एप्रिलला 190, आणि मेला एकदम 505. खाली स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क अशी उतरंड, आपण वीज किती वापरली ते यात नक्की कुठे कळतं? एसी बसवल्यावर एप्रिलमध्ये फक्त 4 युनिट वाढली आणि मेमध्ये 315, हे काय गणित आहे? बाबांना म्हटलं खाली जाऊन मीटर बघून या, तर ते म्हणे 231 दाखवतंय. 231 कसं असेल, बिलावर तर पाच आकडी रीडिंग आहे!

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, उगाच माझी कंपनी चांगली तुझी वाईट असं सुरू होतं इथे.

---

झोपाळू_गिरगावकर

231 म्हणजे व्होल्टेज हो ताई :) डिजिटल मीटरचा डिस्प्ले फिरत असतो, कधी तारीख, कधी वेळ, कधी व्होल्टेज. ज्या आकड्याच्या बाजूला kWh येतं ते तुमचं रीडिंग. बाबांना सांगा मीटरसमोर एक मिनिट उभे राहा, नाहीतर बटण असतं ते दाबत राहा. आमच्या शेजारच्या आजोबांनी एकदा तारीखच रीडिंग समजून बेस्टच्या ऑफिसात नेली होती.

---

राज_बोरिवली

सिंपल आहे, 300 च्या वर गेलात ना, मग सगळीच्या सगळी युनिटं महागड्या रेटने लागतात. म्हणून आम्ही 295 ला एसी बंद करतो, मग घरात कितीही बोंबाबोंब होवो.

---

वायरमन_काका

राज, असं नसतं रे बाबा, हा गैरसमज घरोघरी आहे. घरगुती स्लॅब असतात 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्याच्या वर. पहिली 100 युनिटं कायम स्वस्त रेटनेच लागतात, तुम्ही 600 जाळली तरी. 301 वं युनिट महाग असतं, त्याच्या आधीची 300 नाही. त्यामुळे 295 ला एसी बंद करून तुम्ही फक्त घामाघूम झालात एवढंच.

मीनलताई, 27 वर्षं बिलिंगमध्ये काढलीत (कुठे ते विचारू नका), तर बिल वाचायची माझी सवय सांगतो. रुपयांकडे शेवटी बघायचं. आधी तीन गोष्टी बघायच्या, मागील रीडिंग, चालू रीडिंग, आणि दोन्हींच्या तारखा. तारखा अशासाठी की एखादं बिल 38 दिवसांचं असतं आणि लोक त्याची तुलना 28 दिवसांच्या बिलाशी करत बसतात. चालूतून मागील वजा केलं की युनिटं, वीज किती वापरली ते इथे कळतं, बाकी सगळी उतरंड त्यावरून मोजलेली असते. स्थिर आकार म्हणजे एक युनिट नाही जाळलं तरी लागणारा पैसा, वीज आकार विजेचा, वहन आकार ती तारांमधून तुमच्यापर्यंत आणल्याचा, इंधन समायोजन म्हणजे वीज विकत घेण्याचा खर्च वर-खाली झाला की तो फरक, आणि या सगळ्यावर सरकारचं वीज शुल्क, घरगुतीला 16 टक्के. हे दर कंपनी मनाने लावत नाही, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवून देतो, आणि मुंबईत कंपनीगणिक ते वेगळे आहेत. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्ट, उपनगरात अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडला महावितरण. म्हणून दादरच्या मावशीचं बिल आणि मुलुंडच्या काकांचं बिल शेजारी ठेवून भांडू नका.

आता तुमचं. 186, 190, 505 यात मला 505 चा संशय नाहीये, 190 चा आहे. एसी बसला त्याच महिन्यात वापर जवळजवळ तेवढाच कसा? एप्रिलचं बिल उघडा आणि रीडिंगच्या आसपास सरासरी, लॉक किंवा तत्सम काही लिहिलंय का बघा. मीटरचा फोटो असतो बिलावर, तो आहे का तेही बघा.

---

आरती७८

विषय निघालाय म्हणून सांगते, व्हॉट्सॲपवर "मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईट कापणार, या नंबरवर फोन करा" असा मेसेज आला तर फोन करू नका. माझ्या सासऱ्यांनी केला होता. समोरचा इतकं गोड बोलत होता, आधी एक ॲप टाकायला सांगितलं, मग "फक्त दहा रुपये भरून चेक करा काका" म्हणाला, नशीब मी चहा घेऊन आत गेले आणि फोन काढून घेतला. त्या ॲपमधून आपली अख्खी स्क्रीन त्यांना दिसते, ओटीपीसकट.

---

वायरमन_काका

+1. आणि कायद्यातच आहे, वीज कायदा 2003, कलम 56, थकबाकीसाठी लाईट तोडायची तर पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आज रात्री साडेनऊला कोणी येत नाही.

---

मीनल_के

काका तुम्ही ज्योतिषी आहात का!! एप्रिलच्या बिलावर फोटोची जागा कोरी आहे आणि स्टेटसला "लॉक" लिहिलंय. आमचं घर लॉक नव्हतं हो, आईबाबा कुठे जातात. बाबांना विचारलं तर म्हणे खालच्या मीटर रूमला एप्रिलमध्ये नवीन कुलूप लावलं, चावी सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी गावी. म्हणजे रीडिंगवाला येऊन परत गेला असणार.

आकडे देते. मार्चचं चालू रीडिंग 14212 (फोटो आहे). एप्रिलचं 14402 (फोटो नाही). मेचं 14907 (फोटो आहे, स्पष्ट दिसतोय). आज म्हणजे आठ दिवसांनी बाबांनी परत जाऊन मोबाईलवर फोटो काढून पाठवला, kWh वालाच, 14996.

---

वायरमन_काका

मग झालं की. 14402 हा आकडा मीटरने दाखवलेलाच नाही, तो ऑफिसात तयार झालाय. मागची सरासरी 190 धरली आणि 14212 मध्ये मिळवली. खरा वापर म्हणजे 14907 वजा 14212, 695 युनिटं, दोन महिन्यांची. महिन्याला साधारण 347. आणि आता आठ दिवसांत 89 गेली, रोज 11, महिन्याचं गणित तेवढंच येतं. मीटर पळत नाहीये, बाबांना सांगा. (आईचं बरोबर होतं, हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.)

पण तुमच्यावर एक अन्याय झालाय. एप्रिलची उरलेली युनिटं मेच्या डोक्यावर बसली आणि मे वरच्या स्लॅबमध्ये गेला. दरवर्षी दर बदलतात म्हणून नुसते समजायला गोल आकडे घेतो, पहिल्या 100 ला 4 रुपये, पुढच्या 200 ला 8, त्यापुढच्या 200 ला 11, 500 च्या वर 13.

505 एका महिन्यात धरली तर 400 + 1600 + 2200 + 65 = 4265.

दोन महिन्यांची धरली तर स्लॅबही दुप्पट मिळायला हवेत. 200 युनिटं 4 ने 800, 400 युनिटं 8 ने 3200, उरलेली 95 अकराने 1045, एकूण 5045. त्यातून एप्रिलला तुम्ही भरलेले 190 युनिटांचे 1120 वजा करा, राहिले 3925.

फरक 340, वर 16 टक्के शुल्क. तुमचे खरे दर याहून जास्त असणार, म्हणजे फरकही जास्त. याला स्लॅब बेनिफिट म्हणतात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये रीडिंगच बंद होतं, सरासरीने बिलं गेली आणि जूनमध्ये सगळं एकदम आलं तेव्हा अख्ख्या मुंबईत याच्यावरून रणकंदन झालं होतं, आठवत असेल. तुमच्या पीडीएफमध्ये समायोजन किंवा क्रेडिट अशी वजा रक्कम दिसतेय का? नसेल तर तक्रार टाका.

---

राज_बोरिवली

म्हणजे मी पाच वर्षं उगाच 295 ला एसी बंद केला??? बायकोला हा धागा दाखवणार नाहीये.

---

झोपाळू_गिरगावकर

तक्रार टाकेपर्यंत बिल भरायचं का नाही ते पण सांगा काका, ड्यू डेट गेली की वर व्याज लावतात.

---

वायरमन_काका

तेच कलम 56. वाद असेल तर लेखी निषेध नोंदवून, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, दोन्हीत जी कमी ती भरायची, मग वादाचा निकाल लागेपर्यंत लाईट तोडता येत नाही. पण इथे फरक पाचेकशेचा, मी असतो तर सगळं भरून टाकलं असतं आणि पुढच्या बिलात वळतं करून घेतलं असतं. तक्रार आधी कंपनीच्या साईटवरच, नंबर जपून ठेवा. तिथे दाद नाही लागली तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याच्या वर विद्युत लोकपाल. तुमचं तिथवर जाणार नाही. तीन बिलं आणि बाबांनी काढलेला फोटो जोडा, बस्स. "बिल खूप जास्त आहे" असं नुसतं लिहू नका, त्यावर "मीटर योग्य आहे" असं ठरलेलं उत्तर येतं. "एप्रिल महिन्याचं रीडिंग सरासरीने घेतलं आहे, दोन महिन्यांच्या स्लॅबचा लाभ मिळावा" असं लिहा.

आणि जाता जाता एक. बाबा एवढे खाली-वर करतातच आहेत तर एकदा घरातला मेन स्विच बंद करून मीटरवरचा लाल दिवा बघायला सांगा. बंद झाला पाहिजे. जुन्या बिल्डिंगांमध्ये कधी काय जोडलेलं असेल नेम नाही.

---

मीनल_के

अपडेट. उशीर झाला, सॉरी.

तक्रार टाकली काकांच्या शब्दांत, अगदी जशीच्या तशी. दुसऱ्या दिवशी फोन आला, बाई नीट बोलल्या, नवव्या दिवशी साईटवर सुधारलेलं बिल दिसलं, 6,690. म्हणजे 550 कमी. आईला सांगितलं तिचं बरोबर होतं, आता रोज ऐकवतेय बाबांना.

पण खरी गंमत पुढे आहे. रविवारी मी तिकडेच होते तर रात्री आम्ही ती मेन स्विचची टेस्ट केली. आई वर टॉर्च घेऊन, मी आणि बाबा खाली मीटर रूममध्ये, फोनवर "बंद केला का, केला" असं चाललेलं. आणि लाल दिवा बंदच होईना! एकदम हळू, पण लुकलुकतोय. मी मोबाईलवर सेकंद मोजले, साधारण तीस सेकंदांनी एकदा. मीटरवर 3200 imp/kWh असं छापलंय, त्याचा काही संबंध आहे का?

---

वायरमन_काका

आहे ना, तोच तर आहे. दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. तीस सेकंदाला एकदा म्हणजे तासाला 120, भागिले 3200, तासाला 0.0375 युनिट. म्हणजे 37-38 वॅट. एक जुनी ट्यूबलाईट. तुमच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये ट्यूब आहे का?

---

मीनल_के

आहे! आमच्या दारासमोरच. आत्ता बाबांना फोन करून स्टूलवर चढून ट्यूब काढायला लावली (आई स्टूल धरून उभी होती, काळजी नसावी) आणि खाली शेजारचा मुलगा मीटर बघत होता. दिवा थांबला.

बाबा हिशोब करत बसलेत. ती ट्यूब संध्याकाळी सात ते सकाळी सात चालते, महिन्याला साडेतेरा युनिटं, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ती तिथे 1998 पासून आहे. सेक्रेटरी गावाहून आलेत, त्यांना सांगितलं तर म्हणाले पुढच्या मीटिंगला विषय घेऊ, तोवर ट्यूब परत लावा, जिन्यात अंधार होतो. बाबांनी लावलेली नाही.